शिक्षणमहर्षी डॉ. पंजाबराव देशमुख : वऱ्हाडची मुले वऱ्हाडात राहावीत म्हणून झटलेले जीवन

वऱ्हाडच्या काळ्या मातीने देशाला कापूस दिला, ज्वारी दिली आणि वेळोवेळी थोर माणसेही दिली. ह्या थोरांपैकी ज्यांचे नाव शेतकऱ्याच्या घरात आजही देवाच्या नावाच्या खालोखाल आदराने घेतले जाते, ते म्हणजे डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख. त्यांच्या जयंतीस आपण हार घालतो, त्यांच्या तसबिरी आपल्या सभागृहांत आहेत आणि त्यांच्या नावाच्या शाळांतून आपल्यापैकी कित्येकांची मुले शिकली. तथापि भाऊसाहेबांनी आयुष्यभर कोणता प्रश्न उराशी बाळगला होता, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. खेड्यातील बुद्धिमान मुलाने शिकावे, पण शिकण्यासाठी त्याला आपला मुलूख कायमचा सोडावा लागू नये, आणि शिकून झाल्यावर परत येण्यासारखे काही त्याच्या गावात शिल्लक असावे, हा तो प्रश्न होय. आज आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील घरोघरी हाच प्रश्न उभा असल्यामुळे, स्मरणिकेच्या ह्या अंकात भाऊसाहेबांचे चरित्र त्याच दृष्टीने सांगण्याचे योजिले आहे.

बालपण व विद्यार्जन

अमरावती जिल्ह्यातील पापळ ह्या लहानशा गावी, २७ डिसेंबर १८९८ रोजी, एका कुणबी-मराठा शेतकरी कुळात पंजाबरावांचा जन्म झाला. वडील शामराव आणि आई राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम. वतनामुळे देशमुख हे नाव रूढ झाले. घरी शेती होती, मान होता, पण गावात शाळा म्हणावी तर ती प्राथमिक इयत्तांपुरतीच. पुढे शिकावयाचे तर गाव सोडणे प्राप्त होते. त्याप्रमाणे हा मुलगा प्रथम चांदूर रेल्वे येथे, नंतर कारंजा येथे व त्यानंतर अमरावतीच्या हिंदू हायस्कुलात गेला. महाविद्यालयीन शिक्षणासाठी तर त्याला वऱ्हाडच्या सीमेबाहेर, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जावे लागले.

शिक्षणाच्या प्रत्येक पायरीला नवे गाव, नवे बिऱ्हाड आणि घरापासून आणखी काही मैलांचे अंतर, असा हा प्रवास होता. शामरावांसारखा खमका व दूरदृष्टीचा बाप पाठीशी होता म्हणून पंजाबराव तो करू शकले. त्याच पापळ गावात, त्याच वयाची, तितकीच चलाख असलेली दुसरी मुले तिसऱ्या-चौथ्या इयत्तेनंतर औतामागे गेली असणार, हे सांगण्यास कोणा इतिहासकाराची गरज नाही. ही विषमता भाऊसाहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि ती त्यांच्या मनात कायमची रुतून बसली.

१९२० मध्ये ते उच्च शिक्षणासाठी विलायतेस गेले. शेतकऱ्याच्या मुलाने समुद्र ओलांडावा ही गोष्टच त्या काळी अपूर्व. त्यासाठी वडिलांनी जमीन गहाण टाकून पैसा उभा केला. पंजाबरावांनी त्या पैशाचे चीज केले. एडिंबरो विद्यापीठाची एम. ए. ही पदवी त्यांनी संस्कृत विषयात मिळविली, शिष्यवृत्ती संपादन केली, ऑक्सफर्ड विद्यापीठात वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास ह्या विषयावर प्रबंध सादर करून डॉक्टरेट घेतली आणि शिवाय ते बॅरिस्टरही झाले. ज्या वेदविद्येचे दार नांगरधारी कुळातील मुलांना पिढ्यान्‌पिढ्या बंद होते, तिच्यावर एका कुणब्याच्या मुलाने जगातील नामांकित विद्यापीठात अधिकारवाणीने प्रबंध लिहावा, ही घटना आपल्या समाजाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिण्यासारखी आहे.

परतणे

१९२६ मध्ये डॉ. पंजाबराव मायदेशी परतले. त्या वेळी त्यांच्यापुढे अनेक वाटा मोकळ्या होत्या. एवढ्या विद्वत्तेच्या माणसाला मुंबई, पुणे अथवा नागपूर येथे प्राध्यापकाची मानाची जागा मिळणे अवघड नव्हते. मुंबईच्या उच्च न्यायालयात बॅरिस्टरी करून धनसंपादन करणेही शक्य होते. परंतु ते अमरावतीस आले, तेथेच त्यांनी वकिलीचा आरंभ केला आणि तेथेच सार्वजनिक कार्याचा पाया घातला. ज्या जमिनीवर कर्ज काढून आपण शिकलो, त्या जमिनीच्या मुलखालाच त्या शिक्षणाचा पहिला लाभ झाला पाहिजे, हा हिशेब त्यांच्या वागण्यातून स्पष्ट दिसतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भाऊसाहेबांचे परत येणे हे गावाच्या ओढीने झालेले नुसते घरवापसीचे कृत्य नव्हते. परत येऊन जुन्या रीतीने जगावे असे त्यांच्या मनात कधीच आले नाही. त्यांनी परत येताच रूढींवर घाव घातला. १९२७ मध्ये त्यांनी मुंबईच्या सोनार समाजातील विमलाबाई वैद्य ह्यांच्याशी विवाह केला. आंतरजातीय विवाहाची कल्पनादेखील त्या काळी सामान्य माणसाला पचत नसे. मग प्रतिष्ठित देशमुख घराण्याची काय कथा! त्याच सुमारास अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्य बांधवांना प्रवेश मिळावा ह्यासाठी जो लढा उभा राहिला, त्यात भाऊसाहेब अग्रभागी होते. विमलाबाईही लग्नानंतर पुढे शिकल्या, कायद्याच्या पदवीधर झाल्या आणि पतीच्या निधनानंतर राज्यसभेच्या सदस्य झाल्या. गावात राहावयाचे तर गाव राहण्याजोगा करावा लागतो. तेथे जातीचा जाच, कर्जाचा फास आणि अज्ञानाचा अंधार तसाच ठेवून तरुणांना गावी राहा असे सांगणे व्यर्थ आहे, हे त्यांनी आपल्या आचरणाने दाखवून दिले.

वसतिगृह : शिक्षणाची खरी किल्ली

खेड्यातील मुलाच्या शिक्षणात खरी अडचण शाळेच्या फीपेक्षाही राहण्याजेवण्याची असते. शाळा तालुक्याच्या गावी, मुलाचे घर आठदहा कोसांवर. रोज जाणेयेणे अशक्य. शहरात नातेवाईक असेल तर ठीक, नसेल तर खोलीचे भाडे कोठून आणावे? शिवाय कित्येक जातींच्या मुलांना खोली देण्यासच कोणी तयार नसे. ही अडचण महाराष्ट्रात प्रथम ओळखली ती कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढून त्यांनी आरंभ केला आणि नंतर अन्य समाजांच्याही वसतिगृहांना जागा व साहाय्य दिले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहतील असे छत्रालय काढले.

वऱ्हाडात हेच कार्य भाऊसाहेबांनी आरंभिले. विलायतेहून परतल्यानंतर थोड्याच काळात अमरावतीस श्रद्धानंद छत्रालयाची स्थापना झाली. येथे सर्व जातींची मुले एका छताखाली राहत व एका पंगतीत जेवत. १९२६ च्या अखेरीस ज्यांची हत्या झाली त्या स्वामी श्रद्धानंदांचे नाव ह्या छत्रालयास देण्यात आले. ह्या एका छत्रालयाने काय साधले? ज्यांच्या घरात सात पिढ्यांत कोणी इंग्रजी अक्षर पाहिले नव्हते, अशा घरांतील मुलांना जिल्ह्याच्या ठिकाणी हक्काची जागा मिळाली. घरची शेती न विकता, सावकाराकडे न जाता, मूल शिकू शकते, हा विश्वास शेतकरी बापाला आला.

आपल्या ज्ञातीच्या वार्षिकात हे लिहिताना एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. भाऊसाहेब आपले होते, ह्याचा अभिमान आपण बाळगतो तो योग्यच आहे. परंतु त्यांनी दार उघडले ते आपल्यापुरते नव्हे. ज्या समाजाकडे संख्या होती, जमीन होती, त्या समाजाने आपल्यापेक्षा दुर्बल असलेल्यांना बरोबर घेऊन शिकावे, अशी त्यांची रीत होती. ज्ञातिसंस्थेने त्यांचे नाव घ्यावयाचे तर ह्या रीतीसह घेतले पाहिजे.

सत्ता आणि कर्जाचा प्रश्न

१९२८ मध्ये भाऊसाहेब अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. ह्या पदाचा उपयोग त्यांनी प्राथमिक शिक्षणाचा विस्तार करण्यासाठी केला. शिक्षणासाठी कर वाढविण्याचे अप्रिय कामही अंगावर घेतले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा निर्णयही ह्याच काळातला. १९३० मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात गेले व शिक्षण, शेती ह्यांसारखी खाती त्यांच्याकडे आली. त्या वेळी त्यांनी नुकतीच तिशी ओलांडली होती.

तो काळ वऱ्हाडच्या शेतकऱ्यास अत्यंत बिकट होता. १९२९ नंतर जगभर मंदीची लाट आली आणि कापसाचे भाव कोसळले. वऱ्हाडची सारी शेती कापसावर उभी. खामगावचा बाजार हा एके काळी हिंदुस्थानातील मोठ्या कापूस बाजारांत गणला जाई. तेथील गठ्ठे जलंब मार्गे रेल्वेने मुंबईस व तेथून मँचेस्टरपर्यंत जात. भाव चढला तर दलालाला लाभ आणि भाव पडला तर कुणब्याच्या जमिनीवर टाच, अशी स्थिती. तेजीच्या दिवसांत काढलेले कर्ज मंदीत फिटेना. व्याज मुद्दलाच्या पुढे गेले आणि जमिनी सावकारांच्या नावे चढू लागल्या.

ह्या संकटावर उपाय म्हणून १९३३ मध्ये मध्यप्रांतात कर्ज लवादाचा कायदा झाला. अशा प्रकारच्या कायद्यांत हिंदुस्थानात हा आरंभीचा मानला जातो. त्यामागे भाऊसाहेबांचे श्रम होते. ह्या कायद्यान्वये लवाद मंडळे नेमून सावकार व कुळ ह्यांना समोरासमोर बसविण्यात येई, देण्याघेण्याचा हिशेब तपासला जाई, आणि तडजोडीने कमी झालेली रक्कम हप्त्यांनी फेडण्याची सोय केली जाई. ह्यामुळे अनेक कुटुंबांची जमीन वाचली.

वरवर पाहता कर्जाचा कायदा आणि तरुणांचे शिक्षण ह्या दोन भिन्न गोष्टी वाटतात. पण भाऊसाहेबांच्या दृष्टीने त्या एकाच दोराचे दोन पदर होते. बापाची जमीन गेली की मुलाची शाळा सुटते, आणि शाळा सुटलेला भूमिहीन मुलगा गिरणीच्या दारात नाही तर परमुलखातील रस्त्याच्या कामावर जातो. जमीन वाचली तरच मूल शिकते, आणि शिकलेल्या मुलाला परत यावयास जागा उरते. १९३३ मध्येच भाऊसाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पण तोवर हे मोलाचे काम झाले होते.

श्री शिवाजी शिक्षण संस्था

ह्याच वर्षांच्या आसपास अमरावती येथे श्री शिवाजी शिक्षण संस्थेने आकार घेतला. भाऊसाहेबांच्या कीर्तीचा हा खरा स्तंभ होय. आरंभी अमरावतीपुरती असलेली ही संस्था पाहता पाहता विदर्भभर पसरली. १९४६ मध्ये अमरावतीस, १९५४ मध्ये अकोल्यास महाविद्यालय निघाले. गावोगावी माध्यमिक शाळा उघडल्या. आपल्या जिल्ह्यातही चिखलीसारख्या ठिकाणी श्री शिवाजी हे नाव धारण करणारी विद्यालये व महाविद्यालय उभी राहिली.

बुलढाणा जिल्ह्याची भूमी ह्या बीजास पूर्वीच नांगरून ठेवलेली होती. महात्मा जोतीराव फुले ह्यांचे चरित्र १९२७ मध्ये लिहून प्रसिद्ध करणारे सत्यशोधक कार्यकर्ते पंढरीनाथ पाटील हे आपल्याच जिल्ह्याचे सुपुत्र. महात्म्यांच्या निधनाला त्या वेळी सदतीस वर्षे लोटली होती आणि त्यांचे कार्य नव्या पिढीस विस्मृत होऊ लागले होते. अशा वेळी पुण्यामुंबईपासून दूर असलेल्या ह्या भागातून ते चरित्र निघावे, ही गोष्ट जिल्ह्याला भूषणावह आहे. खामगावास टिळक राष्ट्रीय विद्यालयानेही राष्ट्रीय शिक्षणाची ज्योत पेटविली होती. सिंदखेड राजा तर राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान. अशा जिल्ह्यात शिक्षणाची तळमळ नव्हती असे म्हणता येणार नाही. कमतरता होती ती सोयींची. बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण घाटावर, रेल्वे घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव ह्या मार्गाने. मेहकर, लोणार, सिंदखेडकडच्या मुलाला आगगाडी पाहण्यासाठीच कित्येक कोस तुडवावे लागत. अशा मुलखात तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळा निघणे म्हणजे काय, हे आजच्या मोटारसायकलीच्या युगात नीट समजणे कठीण आहे. एक शाळा निघाली की आसपासच्या वीसपंचवीस खेड्यांतील मुलांचे नशीब पालटत असे.

त्याच काळात, त्याच अमरावती जिल्ह्यातील संत गाडगेबाबा खराटा हाती घेऊन गावोगाव फिरत होते आणि पोटाला चिमटा घ्या पण मुलांना शिकवा असे कीर्तनातून लोकांच्या मनावर ठसवीत होते. एकाने मनाची मशागत केली, दुसऱ्याने शाळा उभ्या केल्या. दोघांच्या कामाची फळे आपण आज चाखत आहोत.

दिल्लीत असतानाही गावाकडे लक्ष

भाऊसाहेब संविधानसभेचे सदस्य होते. तेथील चर्चांत त्यांनी हिरिरीने भाग घेतला आणि शेतकरी व मागासवर्गीय ह्यांचे प्रश्न सातत्याने मांडले. १९५२, १९५७ व १९६२ अशा तिन्ही सार्वत्रिक निवडणुकांत अमरावतीच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर पाठविले. १९५२ ते १९६२ ह्या दशकात ते केंद्रीय मंत्रिमंडळात होते व शेतीच्या कारभाराशी त्यांचा निकटचा संबंध राहिला. भातशेतीच्या जपानी पद्धतीचा प्रसार, १९५५ मध्ये भारत कृषक समाजाची स्थापना आणि १९५९-६० मध्ये दिल्लीस भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन ही त्यांची ठळक कार्ये. त्या प्रदर्शनास अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आले होते. देशोदेशींची यंत्रे, बियाणे व पद्धती भारतातील शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात आणि आपला धंदा हा जगातील एक प्रतिष्ठित धंदा आहे हे त्याला कळावे, हा त्यामागील हेतू होता.

ह्या हेतूत भाऊसाहेबांच्या विचाराचे मर्म आहे. शाळा काढल्या की प्रश्न सुटतो, अशा भ्रमात ते राहिले नाहीत. त्यांच्या शाळांतून शिकलेली पहिली पिढी बाहेर पडली आणि तिच्यातील पुष्कळजण नोकरीसाठी नागपूर, मुंबई, पुणे गाठू लागले. ह्यात त्या मुलांचा दोष नव्हता. पुस्तकी शिक्षणाचे टोक कचेरीच्या खुर्चीकडेच वळलेले होते आणि खुर्च्या शहरांत होत्या. म्हणजे ज्या शाळेने मुलाला गावात शिकविले, तीच शाळा त्याला गावाबाहेर काढणारी पायवाट ठरत होती. ह्यावर उपाय दोनच : शिक्षणाचा विषय गावच्या जीवनाशी जोडणे आणि शेतीला मान व मिळकत दोन्ही मिळवून देणे.

पहिल्या उपायाचा एक महत्त्वाचा प्रयोग अमरावतीस झाला. १९५६ मध्ये भारत सरकारने ग्रामीण उच्च शिक्षणाची योजना हाती घेतली. खेड्यातील तरुणास शहरात न जाता उच्च शिक्षण मिळावे, आणि ते ग्रामसेवा, शेती, ग्रामीण स्थापत्य अशा विषयांचे असावे, अशी ती योजना होती. त्यासाठी देशभरातून ज्या मोजक्या संस्था निवडल्या गेल्या, त्यांत शांतिनिकेतनजवळचे श्रीनिकेतन, तामिळनाडूतील गांधीग्राम, कोल्हापूरकडचे गारगोटी ह्यांच्या पंक्तीत अमरावतीचे श्री शिवाजी लोकविद्यापीठ होते. योजना स्तुत्य होती, पण तिला एक अडसर आला. ह्या संस्थांच्या पदविकांना नोकरीच्या बाजारात विद्यापीठाच्या पदवीची किंमत सहजासहजी मिळेना, आणि पालकांचा ओढाही पदवीकडेच राहिला. कालांतराने देशातील अशा बहुतेक संस्था सर्वसाधारण विद्यापीठीय शिक्षणाकडे वळल्या. प्रयोग पूर्णपणे सफल झाला नाही. तथापि त्याने शिकविलेला धडा मोलाचा आहे. गावासाठी दिलेले शिक्षण हे शहरी शिक्षणापेक्षा कमी दर्जाचे आहे असा शिक्का बसला, तर शेतकऱ्याचा मुलगा ते घेणार नाही, आणि त्याने ते घेऊ नये हेही रास्तच. गावचे शिक्षण तितकेच उच्च व तितकेच मान्यतेचे असले पाहिजे.

महायात्रा आणि विद्यापीठ

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे भाऊसाहेबांचे निधन झाले. त्यांचे वय सहासष्ट वर्षांचे होते. वऱ्हाड पोरका झाला अशी भावना त्या दिवशी घरोघरी होती.

त्यांच्या मागे, मान्यतेत तसूभरही कमी नसलेले शेतीचे उच्च शिक्षण आपल्या मुलखातच मिळावे, ह्या मागणीने जोर धरला. विदर्भात कृषी विद्यापीठ हवे म्हणून १९६७ मध्ये मोठे आंदोलन झाले आणि त्यात काहींना प्राणही गमवावे लागले. अखेरीस २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोला येथे भाऊसाहेबांचे नाव धारण करणाऱ्या कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. एके काळी शेतीची पदवी घ्यावयाची तर नागपूर अथवा पुणे गाठावे लागे. आता बुलढाण्याच्या मुलाला शेजारच्या जिल्ह्यातच पदवी, पदव्युत्तर शिक्षण व संशोधन ह्यांची दारे उघडली. विद्यापीठासाठी प्राण देणारे ते लोक विद्वान नव्हते. परंतु विद्यापीठ कोठे असते ह्यावर आपल्या मुलाबाळांचे भवितव्य कोठे घडते हे अवलंबून असते, एवढे त्यांना पक्के उमगले होते.

आपल्यापुढील कर्तव्य

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार होती आणि दर पाच माणसांपैकी जवळजवळ चार माणसे खेड्यांत राहत होती. जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. भाऊसाहेबांच्या बालपणी जी उणीव होती ती आज तशी राहिलेली नाही. शाळा आहेत, महाविद्यालये आहेत. शेगावास १९८३ मध्ये श्री संत गजानन महाराजांच्या नावाने अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, पुढे अन्यत्रही निघाली. आता मुलगा शिकण्यासाठी जिल्हा सोडतोच असे नाही. तो शिकून झाल्यावर जिल्हा सोडतो. पुण्याच्या चाकणला, मुंबईला, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजला जाणाऱ्या गाड्यांत आपलीच मुले दाटीवाटीने बसलेली असतात. गावी राहिलेल्यांची व्यथा निराळी. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत आपला जिल्हा होता. १९३३ चा कर्जाचा प्रश्न रूप पालटून आपल्या अंगणात उभा आहे.

ह्यावर सरकारने काय करावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. येथे आपण, म्हणजे ज्ञातिसंस्थेच्या सभासद कुटुंबांनी, काय करावे एवढाच विचार करू.

पहिली गोष्ट वसतिगृहांची. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी आपल्या समाजाची मंगल कार्यालये दिमाखाने उभी राहत आहेत. वर्षातील लग्नतिथी सोडल्या तर त्यांतील खोल्या बहुधा रिकाम्या असतात. मंगल कार्यालयाच्या बांधकामाबरोबर दहावीस मुलामुलींची, विशेषतः मुलींची, राहण्याची सोय झाली तर भाऊसाहेबांच्या छत्रालयाची परंपरा आपल्या हातून पुढे चालेल. आणि त्या खोल्यांत सर्व जातींच्या गरजू लेकरांना जागा असावी, हे निराळे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट शेतीशी जोडलेल्या धंद्यांची. आपल्याच जिल्ह्यात देऊळगाव राजा, सिंदखेड राजा ह्या भागांत शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन करून कित्येक तरुण कुटुंबे आपल्या गावात राहून चांगली मिळकत करीत आहेत. शेजारच्या जालन्यात बियाण्यांचा धंदा वाढला, त्याचा हा लाभ. ह्या कामाला परागीकरणाचे कौशल्य लागते, बारकाईची नोंद लागते, म्हणजे शिक्षण लागते. शेतीत शिकलेल्या माणसाला जागा आहे, हे येथे सिद्ध झाले आहे. सोयाबीन, तूर, कापूस ह्यांवर प्रक्रिया करणारे लहान उद्योग आपल्यातील सधन मंडळींनी एकत्र येऊन काढले, तर पदवीधर मुलाला हिशेबनीस, तंत्रज्ञ वा व्यवस्थापक म्हणून घरापासून जवळ काम मिळेल. पैसा शहरात प्लॉट घेण्यात गुंतविणे सोपे आहे; पण त्या प्लॉटवर आपल्या गावच्या एकाही मुलाला नोकरी मिळत नाही.

तिसरी गोष्ट बोलण्यास थोडी अवघड, पण टाळण्यासारखी नाही. आपल्या वधूवर मेळाव्यांत व परिचयपत्रिकांत वराविषयी पहिला प्रश्न कोणता असतो? नोकरी कोठे, आणि शहर कोणते. वीस एकर बागायतीचा, कृषी पदवीधर, निर्व्यसनी मुलगा गावी राहतो म्हणून नाकारला जातो, आणि शहरात भाड्याच्या खोलीत राहून तुटपुंज्या पगारावर राबणारा पसंत पडतो. मुलीच्या आईबापांचेही सर्वस्वी चुकते असे नाही. पावसाचा भरवसा नाही, भावाचा नाही, आणि शिकलेल्या मुलीला खेड्यात करण्यासारखे काम नाही. म्हणूनच प्रश्न मुलांच्या नोकरीचा आहे तितकाच मुलींच्याही कामाचा आहे. विमलाबाई देशमुखांनी लग्नानंतर पदव्या घेतल्या आणि सार्वजनिक जीवनात स्वतःचे स्थान मिळविले, हे आपण विसरू नये. ज्या गावात सुनेला शिक्षिका, परिचारिका, बचत गटाची चालक वा स्वतःच्या धंद्याची मालकीण होता येते, त्या गावात मुलगी देण्यास बाप कचरणार नाही. तोवर आपण निदान एवढे करू : गावात राहून कर्तबगारी दाखविणाऱ्या तरुण-तरुणींचा सत्कार, परदेशी गेलेल्यांच्या सत्काराइतक्याच मानाने, ह्याच व्यासपीठावर करू.

कोणालाही बाहेर जाण्यास मनाई करणे हा ह्या सर्वांचा अर्थ नाही. भाऊसाहेब स्वतः ऑक्सफर्डपर्यंत गेले. आपली मुलेही जगभर जावोत, विद्या मिळवोत, कीर्ती मिळवोत. परंतु जाणे हे मुलाच्या इच्छेने असावे, नाइलाजाने नसावे. आणि परतण्याची इच्छा झाली तर परतण्याजोगे गाव, विकली न गेलेली जमीन आणि हाताला साजेसे काम त्याची वाट पाहत असावे. पापळच्या शामरावांनी जमीन गहाण टाकून मुलाला पाठविले आणि तो मुलगा परत आला. त्या एका परतण्याने वऱ्हाडातील हजारो घरांत दिवा लागला. असे परतणारे आपल्या जिल्ह्यात पुन्हा निपजावेत आणि त्यांना सामावून घेण्याचे बळ आपल्या समाजास लाभावे, हीच भाऊसाहेबांच्या स्मृतीस खरी आदरांजली ठरेल.